बासष्ट गाठींच्या अंगड्याची कहाणी

ऐका सटवाईबाई, तुमचीच कहाणी. बायांनो, लेकरं मांडीवर घ्या, हातातलं काम बाजूला ठेवा आणि मध्येच बोलू नका.

आटपाट एक नगर. नगराला नदी, नदीला घाट, घाटावर रंगाऱ्यांची आळी. तिथलं पाणी सकाळी तांबडं वाहायचं, दुपारी निळं. त्या आळीत मुरारशेट रंगारी राहायचा. घरात रंगाच्या कढया होत्या, सुताचे गुंडे होते, देव्हारा होता, देव्हाऱ्यात देव होते. सगळं होतं, अक्कल तेवढी नव्हती.

मुरारशेटची बायको यमुनाबाई. तिला दोन मुलगे. थोरल्याला दोन पोरं झाली होती, ती बारीक चणीची, मांजराच्या पिलांसारखी. धाकटा नरहर. नरहरच्या बायकोचं नाव सगुणा. तिला पहिली लेक झाली, तिचं नाव तानी ठेवलं. तानी जन्मली तीच रुंद छातीची. डोकं मोठं, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर वर. भूक चांगली, झोप चांगली, हसली की हिरड्या दिसायच्या. यात वाईट काय होतं? काहीसुद्धा नव्हतं.

पण त्या घराची एक रीत होती.

देव्हाऱ्यात तांबड्या सुताची एक दोरी होती. दोरीला बासष्ट गाठी. दोरीखाली घडी करून ठेवलेलं जुनं अंगडं, क्रोशाच्या सुईनं विणलेलं. मुरारशेट तान्हा असताना त्याच्या आईनं ते त्याच्यासाठी विणलं होतं. मग ती बाई वारली. दोरी राहिली, अंगडं राहिलं, सांगणारी राहिली नाही. मग यमुनाबाई सून होऊन आली. तिनं दोरीच्या गाठी मोजल्या, बासष्ट भरल्या. तेव्हापासून घरात ठरलं, आपल्याकडचं अंगडं बासष्ट साखळ्यांचं, म्हणजे पायाच्या ओळीला बासष्ट साखळी-टाके. एक जास्त नाही, एक कमी नाही.

मूल पाच महिन्यांचं झालं की पौर्णिमेला सकाळी उष्टावण. आईनं आधी बासष्ट साखळ्या घालायच्या, त्यावर खांब, म्हणजे उभे टाके, विणत अंगडं पुरं करायचं, मुलाच्या डोक्यावरून घालायचं. अडलं नाही आणि लोंबलं नाही, तर आजोबानं मूल मांडीवर घ्यायचं, खिरीचा पहिला घास भरवायचा. मूल घरचं झालं. अडलं किंवा लोंबलं, तर पुढच्या पौर्णिमेला दुसरं अंगडं. मग तिसऱ्या पौर्णिमेला तिसरं. तीनदा बसलं नाही तर ते मूल या घरचं नव्हे. आईनं ते उचलायचं, बोचकं बांधायचं आणि मागच्या दारानं माहेरची वाट धरायची. म्हणजे पोर कुणाची हे आई सांगणार नाही, बाप सांगणार नाही, कपडा सांगणार.

आणि वर आणखी एक. लेकराच्या अंगाला सूत लावून माप घ्यायचं नाही. यमुनाबाई म्हणायची, माप मेलेल्या लेकराचं घेतात, खड्डा किती खणायचा ते कळावं म्हणून. हे तिला कुणी सांगितलं होतं? तिच्या सासूनं नव्हतं सांगितलं. आळीतल्या कुणा बाईनं पाणी भरता भरता सांगितलं आणि हिनं ते देवाच्या शेजारी नेऊन बसवलं.

सगुणेला माहेरी आई नव्हती. भाऊ होता, पण घर भावजयीचं होतं. भावजय सणाला आलेल्या नणंदेच्या भाकरी मोजायची. तिथं पोर घेऊन कायमचं जायचं म्हणजे काय, हे सगुणेला पक्कं माहीत होतं. म्हणून ती भ्याली. पहिल्या पौर्णिमेला पंधरा दिवस होते तेव्हाच सूत घेऊन बसली. बारीक सुई घेतली, हात न लावता दुरूनच दोरीच्या गाठी मोजल्या, बासष्ट साखळ्या घातल्या. भीतीनं हात आवळला, प्रत्येक टाका दाताखाली धरल्यासारखा घट्ट आला. मग पौर्णिमा आली. आळीतल्या बाया जमल्या, मुरारशेट पाटावर बसला, खीर झाली.

सगुणेनं अंगडं तानीच्या डोक्यावरून घातलं. ते कानापाशी अडलं. ओढलं, मग खांद्यापाशी अडलं. आणखी ओढलं, तर तानी काळीनिळी होऊन रडली. बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

आता कुणाला वाटेल, कपडा लहान झाला. आंधळ्यालाही तेच वाटलं असतं. पण यमुनाबाईनं अंगड्याच्या साखळ्या मोजल्या, बासष्ट भरल्या, आणि म्हणाली की अंगडं बरोबर आहे, पोर उतू गेली आहे. दूध कमी करा. दिवसातून सहा वेळा पाजतेस ती तीन वेळा पाज. मुरारशेटनं मान हलवली. खीर परत चुलीवर गेली.

सगुणा नरहरकडे गेली. नरहर निळीच्या कढईत काठी फिरवत होता. ती म्हणाली की पोर उपाशी ठेवायला सांगतात. तो म्हणाला, आई सांगते तसं कर. ती म्हणाली की अहो, सूत घट्ट आलं असेल. तो म्हणाला, आई सांगते तसं कर. ती म्हणाली की ही तुमचीही लेक आहे. तो काठी फिरवत राहिला. कोपरापर्यंत निळा आणि तोंडानं मुका.

मग सगुणेनं दूध तोडलं. हे तिच्या हातून झालं, ते झाकून कहाणी सांगू नये. सकाळी पाजलं, दुपारी पाजलं, संध्याकाळी पाजलं, मधल्या वेळी पोर मुठी चोखत रडली आणि ही पदर तोंडात धरून बसली. महिन्याभरात तानीच्या मांड्यांच्या वळ्या गेल्या. हिरड्या दिसेनाशा झाल्या, कारण ती हसेनाशी झाली.

दुसरी पौर्णिमा जवळ आली. सगुणेनं ठरवलं, आता हात सैल सोडायचा. जाड सुई घेतली, दुरूनच दोरीच्या गाठी मोजल्या, बासष्ट साखळ्या घातल्या. टाके इतके सैल की त्यातून हरभरा पडावा. पौर्णिमेला बाया जमल्या, मुरारशेट पाटावर बसला, खीर झाली. सगुणेनं अंगडं घातलं. ते सरकन डोक्यावरून गेलं, खांद्यावरून घसरलं, पायांपर्यंत लोंबलं. तानी त्यात अशी दिसली, जशी पोत्यात राहिलेली एकच कैरी.

यमुनाबाईनं साखळ्या मोजल्या, बासष्ट भरल्या. मग म्हणाली की अंगडं बरोबर आहे, पोर सुकली आहे.

आळीतली एक बाई बोलली की मागल्या महिन्यात तर उतू गेली होती. उत्तर सुचलं नाही की माणूस जास्त वाईट बोलतं. यमुनाबाई म्हणाली, "जी पोर महिन्याला फुगते आणि महिन्याला आटते, ती पोर धड नव्हे. आमच्या घरात अशी कधी झाली नाही."

बघा, बायांनो. पोरीला उपाशी ठेवलं यांनी. पोर वाळली. मग वाळली म्हणून दोष पोरीचा. तोच आकडा घट्ट हातानं विणला तर लहान होतो, सैल हातानं विणला तर मोठा होतो, हे ज्यानं आयुष्यात एकदा सुई धरली त्याला कळतं. सुताला आकडा कळत नाही. सुताला हात कळतो. पण त्या घरात सुताचे डोंगर होते आणि ही एवढी गोष्ट कुणाला सांगवेना.

मुरारशेट पाटावरून उठला आणि म्हणाला की आता एकच पौर्णिमा राहिली. सूनबाई, बोचक्याचं बघून ठेव.

मग सगुणा परसात येऊन बसली. तानी मांडीवर, पुढ्यात दोन अंगडी, एक लहान, एक मोठं. दुपार झाली होती. घरातली माणसं जेवून आडवी झाली होती. तेव्हा मागच्या गल्लीतून आरोळी आली, "सुया घ्या, पोत घ्या, दाभण घ्या." एक म्हातारी आली. डोक्यावर पाटी, पायात धुळीची वहाण, तोंड पानानं रंगलेलं. परसाच्या दारात उभी राहून तिनं पाणी मागितलं.

सगुणेनं तांब्या दिला. म्हातारी पाणी प्यायली, पाटी उतरवली, दोन्ही अंगडी उचलून पाहिली आणि विचारलं की ही दोन लेकरांची का?

"एकाचीच," सगुणा म्हणाली.

"मग एक विणताना तू भ्याली होतीस आणि दुसरं विणताना रागावली होतीस. लेकरू कुठं आहे यात?"

सगुणा रडायला लागली. रडता रडता सगळं सांगितलं. दोरी सांगितली, बासष्ट सांगितले, दूध तोडलं ते सांगितलं. सासूनं तोडायला लावलं म्हणाली. म्हातारीनं पानाची पिंक टाकली.

"सासूनं सांगितलं. पण दूध सासूचं होतं का? तुझं होतं. ते तू तोडलंस. रडायचं असेल तर त्यासाठी रड, अंगड्यासाठी नको. आणि आधी तिला घे पदराखाली. ती भुकेली आहे, मला इथून दिसतंय."

सगुणेनं तानीला पदराखाली घेतलं. पोर अशी प्यायली की तिच्या घशाचा आवाज परसभर झाला. मग म्हातारी म्हणाली की आता ती दोरी आण, आणि ते जुनं अंगडं आण.

सगुणा म्हणाली की आजी, देव्हाऱ्यातली आहेत ती, पौर्णिमेवाचून हात लावायचा नाही. म्हातारी म्हणाली की मग बोचकं बांध, मी पुढच्या दारी जाते. एवढं बोलून ती पाटी उचलायला वाकली. सगुणा उठली. देव्हाऱ्यापाशी गेली. दोरी उचलली, अंगडं उचललं, पदराखाली झाकून परसात आणलं.

म्हातारीनं दोरी हातात घेतली. म्हणाली की तुम्ही गाठी मोजल्यात, गाठी बघितल्या नाहीत. बासष्ट गाठींत तीन गाठी दुहेरी होत्या, जाड. म्हणजे दोरीचे चार तुकडे झाले. आणि प्रत्येक गाठ दुसरीपासून बरोबर एक बोट अंतरावर होती. म्हातारीनं पहिला तुकडा जुन्या अंगड्याच्या छातीला गुंडाळला. तो दोन बोटं अपुरा पडला, तेवढी अंगड्यात वाढ ठेवलेली होती. दुसरा तुकडा गळ्याला लावला, बसला. तिसरा बाहीला लावला, बसला. चौथा खांद्यापासून खालपर्यंत धरला, बसला.

"कळलं?" ती म्हणाली. "छाती चोवीस बोटं, गळा तेरा, हात दहा, उंची पंधरा. बासष्ट. त्या माउलीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं आपल्या लेकराचं माप दोरीत बांधून ठेवलं. ही जपाची माळ नव्हे. तुझ्या सासऱ्याचं पाच महिन्यांचं पोट आहे हे. ते तुम्ही गंधफूल वाहून पुजताय आणि दुसऱ्यांच्या पोरांना त्यात कोंबताय."

सगुणेनं जुन्या अंगड्याच्या खालच्या साखळ्या मोजल्या. इतक्या वर्षांत त्या कुणी मोजल्या नव्हत्या, देवाची वस्तू उलटीपालटी करू नये म्हणून. त्या बासष्ट नव्हत्याच. अठ्ठ्याहत्तर होत्या.

सगुणा हळूच म्हणाली की पण आजी, जित्या लेकराचं माप घेऊ नये म्हणतात. म्हातारी म्हणाली, "शिंपी तुझ्या सासूच्या चोळीचं माप घेतो, ती मरते का?"

मग सगुणेनं विचारलं की यावर मी काय करू? काय वसा घेऊ? म्हातारीनं वसा सांगितला. लेकराला कपडा करायचा तर लेकरू जागं असताना मांडीवर घ्यावं, पोट भरलेलं असताना घ्यावं. त्याच्या छातीला सूत लावावं, गळ्याला लावावं, दोन्ही हातांना वेगवेगळं लावावं, कारण देवानं दोन बाजू सारख्या केल्याच असं नाही. मग जी सुई वापरायची आणि जे सूत वापरायचं, त्याचाच चार बोटांचा तुकडा विणावा. तो धुवावा, वाळवावा, मग त्यात किती खांब बसले ते मोजावे. त्यावरून आपला आकडा काढावा. मापावर दोन बोटं वाढ ठेवावी, पोरानं श्वास घ्यायचा असतो. चुकलं तर उसवावं. उसवताना लाजू नये, सूत तेच राहतं. पोर वाढली की पुन्हा मापावं. घेतला वसा अर्ध्यावर सोडू नये, दुसऱ्याच्या पोरीचा आकडा आपल्या पोरीवर घालू नये.

सगुणा म्हणाली की एवढं मी करीन. म्हातारी पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाली की उजव्या खांद्याला चार ओळी जास्त घाल, तो वर आहे. तानी तेव्हा पदराखाली होती, खांदा झाकलेला होता. सगुणेनं विचारलं की तुम्हांला कसं कळलं?

"सहाव्या दिवशी तिच्या कपाळावर लिहायला आले होते," म्हातारी म्हणाली, "तेव्हा पाहिला."

सगुणेनं तिला ओळखलं. सटवाईनंच सहाव्या दिवशी लेकराचं नशीब लिहायचं असतं. ती पाया पडायला वाकली, वर बघते तो परसाचं दार उघडं, गल्ली रिकामी. रिकामा केलेला तांब्या काठोकाठ भरलेला.

मग सगुणेनं दोरी आणि अंगडं जागच्या जागी ठेवलं. त्या दिवसापासून तानीला सहा वेळा पाजलं. सासूनं विचारलं तर म्हणाली, सहा वेळा पाजते. सासू ओरडली, तरी सहा वेळा पाजलं. सासरा खोकला, तरी सहा वेळा पाजलं. पंधरा दिवसांत मांड्यांना वळ्या आल्या, हिरड्या दिसायला लागल्या.

मग तिनं मधल्या जाडीची सुई घेतली. चार बोटांचा तुकडा विणला, धुतला, दोरीवर वाळत घातला. वाळल्यावर मोजला तर बारा खांब. म्हणजे बोटाला तीन. मग तानीला पाजून मांडीवर घेतलं आणि छातीला सूत लावलं. पोरीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली, सूत दोनदा निसटलं. छाती सव्वीस बोटं. दोन बोटं वाढ, अठ्ठावीस. अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी. सगुणेनं चौऱ्याऐंशी साखळ्या घातल्या आणि अंगडं वर चढवत नेलं. डावा हात विणला, उजवा हात विणला. उजव्या खांद्यावर चार ओळी जास्त घातल्या. डोकं मोठं होतं म्हणून मानेमागं चीर ठेवली आणि तिला गुंडी लावली. एक बाही चुकली, ती उसवली, पुन्हा विणली. लाजली नाही.

तिसरी पौर्णिमा आली. बाया जमल्या. या वेळी दुप्पट जमल्या, कारण सून घालवताना बघायला मिळेल असं आळीत झालं होतं. मुरारशेट पाटावर बसला. खीर झाली. मागच्या दाराशी बोचकं आधीच बांधून ठेवलेलं होतं, ते यमुनाबाईनंच बांधलं होतं.

यमुनाबाईनं नवं अंगडं हातात घेतलं आणि साखळ्या मोठ्यानं मोजायला लागली. साठ म्हणाली, एकसष्ट म्हणाली, बासष्ट म्हणाली. पुढं साखळ्या होत्याच. त्रेसष्ट म्हणताना आवाज उतरला. सत्तराला बाया कुजबुजायला लागल्या. चौऱ्याऐंशीला तिनं अंगडं खाली ठेवलं.

मुरारशेटनं विचारलं, "हे कुणाला विचारून?"

"तानीला," सगुणा म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. दोरीचे चार तुकडे सांगितले, छाती-गळा-हात-उंची सांगितली, माप घेतल्याचं सांगितलं. म्हणाली की मामंजी, दोरी तुमच्या आईनं तुमच्या अंगावर लावून बांधली. तुमचं अंगडं मोजून बघा, अठ्ठ्याहत्तर भरेल. मुरारशेटनं मोजलं नाही. त्यानं एवढंच विचारलं की देव्हाऱ्याला हात लावलास? ती म्हणाली, लावला. तो म्हणाला की मग आणखी काही ऐकायचं नाही, बासष्टाचं अंगडं बसलं नाही, बोचकं उचल.

सगुणेनं बोचकं उचललं नाही. तिनं तानीला उचललं, गुंडी काढली, अंगडं डोक्यावरून घातलं. ते कानापाशी अडलं नाही, खांद्यापाशी अडलं नाही, कुठं लोंबलं नाही. वर असलेला खांदा त्यात असा बसला की तो वर आहे हे सांगूनही कळलं नसतं. तानीनं दोन्ही हात वर केले आणि टाळी वाजवायला गेली, ती वाजली नाही, तरी ती हसली.

सगळ्यांनी पाहिलं. मुरारशेटनं भिंतीकडे तोंड केलं. म्हणाला की मी काही बघितलं नाही. साठी ओलांडलेला बाप्या, पण रुसलेल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून बसला.

आणि तेव्हा यमुनाबाई खाली बसली. उभी होती ती एकदम जमिनीवर बसली. चौऱ्याऐंशी साखळ्यांचं अंगडं तिनं हातात धरून पाहिलं होतं, काखेतून बोटं फिरवून पाहिली होती, तिथं जोड नव्हता, शिवण नव्हती. तिला राहवेना. म्हणाली, "नरहरच्या वेळी अडलं होतं."

मुरारशेटनं मान वळवली.

यमुनाबाई बोलत राहिली. म्हणाली की तीनही पौर्णिमांना अडलं असतं. पहिल्याच वेळी मला घरात कळलं, की हे काखेत येत नाही. मी फडकं घेतलं, तांबड्या रंगात बुडवलं, दोन्ही काखांत जोडलं आणि वर शाल पांघरली. तुम्ही शालीवरून हात फिरवलात आणि म्हणालात, बसलं. तीस वर्षं झाली. मी कुणाला बोलले नाही.

तीस वर्षं, बायांनो. स्वतः फडकं जोडून सुटली आणि सुनेला म्हणाली पोर उतू गेली. तेव्हाच बोलली असती तर एक पोर महिनाभर मुठी चोखत रडली नसती. पण ती उशिरा का होईना, चार माणसांत बोलली, तेही खरं. थोरामोठ्यांच्या कहाण्यांत एवढंही कुणी बोलत नाही.

मग यमुनाबाई नवऱ्याला म्हणाली, "बासष्टच खरं असेल, तर नरहर या घरचा नव्हे. त्यालाही घाला मागच्या दारानं. मीही जाते त्याच्याबरोबर. बोचकं बांधलेलं आहेच."

नरहर दारात उभा होता. कोपरापर्यंत निळा. सगळ्या बायांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पदराआड हसल्या. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा बापाकडे पाहिलं, मग मागच्या दाराशी गेला, बोचकं उचललं, आत आणलं आणि सोडलं. सगुणेची लुगडी पुन्हा खुंटीवर टाकली. एवढं त्यानं न सांगता केलं. जन्मात पहिल्यांदा.

मुरारशेटला आता पळायला वाट राहिली नाही. त्यानं हात पुढं केले आणि म्हणाला की आण ती पोर.

दुसरी एखादी असती तर रडत पाया पडली असती, पोर मांडीवर दिली असती आणि गोष्ट इथं संपली असती. सगुणा पुढं झाली नाही. तानीला कडेवर घेऊन उभी राहिली. म्हणाली, "आधी बोला, मामंजी."

"काय बोलू?"

"तिची चूक नव्हती, एवढं."

खिरीवर साय धरली. बाहेर आळीत कुणीतरी सूत बडवत होतं, तो आवाज थांबला. तानीनं खिरीची वाटी पाहिली आणि तिकडे झेप घ्यायला लागली, सगुणेनं तिला आवरून धरलं. पोरीला भूक होती आणि आईला घर हवं होतं, तरी आई हलली नाही. कारण तशीच मांडीवर दिली असती, तर उद्या दात उशिरा आले म्हणून दोष तिचा, चालायला उशीर झाला म्हणून दोष तिचा, खांदा वर म्हणून जन्मभर दोष तिचा. घरात राहायचं तर निर्दोष राहायचं, असं सगुणेनं ठरवलं होतं.

मुरारशेट पुटपुटला.

"मोठ्यानं," यमुनाबाई म्हणाली. "त्या चुलीपाशी बसलेल्यांना ऐकू गेलं नाही."

मग मुरारशेट मोठ्यानं बोलला, "पोरीची चूक नव्हती. पोर बरोबर आहे. आकडा आमचा चुकला."

तेव्हा सगुणेनं तानीला त्याच्या मांडीवर दिलं. मुरारशेटनं खिरीचा पहिला घास भरवला, तो तानीनं गिळला. दुसरा भरवला, तोही गिळला. तिसऱ्याला तिनं वाट पाहिली नाही, दोन्ही हात वाटीत घातले आणि खीर तोंडाला, नाकाला, नव्या अंगड्याला आणि आजोबाच्या धोतराला लावली. आजोबा काही बोलला नाही. बोलायची सोय राहिली नव्हती.

सटवाई त्या घराला पावली. थोरल्या सुनेला तिसरं मूल झालं, त्याचं माप घेतलं. आळीत ज्या ज्या घरी लेकरू झालं, त्या त्या घरच्या बाया सगुणेकडे आल्या, तुकडा विणला, धुतला, वाळवला, मोजला. कुणाचा आकडा सत्तर आला, कुणाचा नव्वद, एकीचा तर एकशे दोन आला आणि ती पोरगी पुढं आळीत सगळ्यांत उंच झाली. कुणी कुणाला मागच्या दारानं घातलं नाही.

जशी सटवाई तिला पावली, तशी तुम्हां आम्हांला पावो. ज्यांच्या घरी लेकरू आहे त्यांना मोजायची बुद्धी होवो. ज्यांनी दुसऱ्याच्या आकड्यात लेकरू कोंबलं आहे, त्यांना उसवायची बुद्धी होवो. आणि जे कोंबून वर लेकरालाच दोष देतात, त्यांच्या अंगात प्रत्येक सणाला घट्ट काखेची बंडी पडो.

उत्तरं साठ होती, सांगताना पाचच लागली. कहाणी पुरी झाली, सगुणेची लेक घरची झाली, तशी ती सगळ्यांना सुफळ होवो.